तिसऱ्या झडपेत काय होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शैलाला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही. आणि तिला मी काय काय सांगून बसलोय हे तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बाबा रे, मग उरलं तरी काय?

उरलंय ते हे.

तसा मी फजित्या लपवणारा माणूस नाही. उलट ॲन आर्बरच्या आमच्या मराठी मंडळींत माझी जी काही थोडीफार किंमत आहे ती माझ्या फजित्यांमुळेच. पहिल्या हिवाळ्यात मी पाऊण तास खपून एका गाडीवरचा बर्फ खरवडून काढला, आणि किल्ली लागेना तेव्हा कळलं की गाडी शेजाऱ्याची आहे — हे मी किमान पन्नास जेवणांत सांगितलंय. भांडी धुवायच्या मशीनमध्ये साधा साबण घातला आणि फेस हॉलमधल्या सोफ्यापर्यंत आला, तेही. लोक हसतात, मी हसतो, मग कुणीतरी म्हणतं, "सबनीस, ती दसऱ्याची सांगा ना!" आणि मी दसऱ्याची सांगतो. हातवारे करून सांगतो.

पस्तीस-चाळीस वर्षं सांगतोय. अर्धीच.

आज पुढची अर्धी. पण आधी गाडीबद्दल सांगायला हवं, कारण गाडी कळली नाही तर मी काय केलं ते कळणार नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी गावाबाहेरच्या एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये कामाला होतो. परदेशातली गाडी अमेरिकेत विकायची तर तिच्या धुराची तपासणी पास व्हावी लागे. ती तपासणी सरकारी निरीक्षकांसमोर आमच्याकडे होई. आधी गाडी ठरलेल्या रस्त्यावरून ठरलेले हजारो मैल चालवायची, म्हणजे इंजिन मुरतं, आणि मग तिला रोलरवर चढवून, जागच्या जागी चाकं फिरवत, धुराचं मोजमाप घ्यायचं. मैल चालवणं आणि रोलरवर चालवणं, दोन्ही माझं काम. इंजिनिअरिंगची मास्टर्स डिग्री घेऊन मी ड्रायव्हर झालो होतो, असं माझे वडील पत्रातून कळवत. चुकीचं नव्हतं.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे एक लाकडी खोकं आलं. आत ती होती. चंदेरी, माझ्या कमरेइतकीही उंच नाही, बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसल्यासारखं करायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. दक्षिण जर्मनीतल्या एका आडगावातल्या कारखान्यानं ती बनवली होती. चाळीस-पन्नास माणसं, बस. ते मूळचे दूध काढायची यंत्रं बनवणारे लोक. मालकाच्या मुलाला शर्यतींचा नाद लागला आणि गोठ्याशेजारच्या शेडमध्ये स्पोर्ट्स कार तयार व्हायला लागली. वर्षाला फार तर शंभर गाड्या करायच्या, त्यातल्या निम्म्या अमेरिकेत विकायच्या, असा त्यांचा बेत होता. अमेरिका नाही म्हणाली तर उरलेल्या निम्म्यांनाही अर्थ नव्हता. एवढं सगळं त्या एका खोक्यात होतं.

आणि खोक्याबरोबर आले होते हेर लेहनर. गुप्तहेर नव्हे; जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत.

साठीच्या जवळ आलेला, लांबट चेहऱ्याचा, कपड्यांना नेहमी खडूची पांढरी बोटं लागलेला माणूस. इंजिन त्यांचं. त्यातही एक गोष्ट अगदी त्यांची स्वतःची. इंजिनात हवा आत घेणारी झडप असते; इतर गाड्यांत ती खिडकीच्या दारासारखी फिरते, उघडी असली तरी हवेच्या वाटेत आडवी उभी असतेच. लेहनरांनी ती सरकती केली होती. सहा नळ्या, प्रत्येक नळीला बारीक खाचेत सरकणारी एकेक पातळ पट्टी. उघडली की वाट पूर्ण मोकळी. ही कल्पना त्यांना म्हशी — नाही, तिथे गाईच — गाईंचं दूध काढायच्या यंत्राच्या झडपेवरून सुचली होती. पाच वर्षं त्यांनी त्या पट्टीवर घालवली. कारखान्यातली तरुण मंडळी म्हणत होती, म्हाताऱ्या, कशाला? बाजारात तयार मिळते ती साधी झडप बसव. तुझी पट्टी कचऱ्यानं अडकेल. लेहनर म्हणत, माझी पट्टी अडकणार नाही, माझी खाच मला माहीत आहे.

हे मला कसं कळलं? त्यांनीच सांगितलं. महामार्गाजवळच्या मोटेलात एकटे राहत. दुपारी एकटे सँडविच चावत बसत. मी एकदा माझ्या डब्यातली पोळी-बटाट्याची भाजी पुढे केली. दुसऱ्या दिवसापासून शैला दोन डबे देऊ लागली. बदल्यात ते मला इंजिन ऐकायला शिकवत. लाकडी दांडा एका टोकानं इंजिनावर टेकायचा, दुसरं टोक कानामागच्या हाडावर. "डोळे मिटा, हेर सबनीस," म्हणायचे, "तिसरा थोडा लाजतो आहे, ऐकू आलं?" तिसरा म्हणजे तिसरा सिलिंडर. मला सुरुवातीला नुसती घरघर ऐकू यायची. ऑगस्टअखेर मला खरोखरच तिसरा लाजताना ऐकू आला. त्या दिवशी ते एवढे खूष झाले की त्यांनी माझ्याशी दोनदा हात मिळवला.

गणपतीला त्यांना घरी बोलावलं. शैलानं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, वर अक्षता टेकवल्या. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. तिनं तिच्या परीनं सांगितलं: तांदूळ, कुंकवात भिजवलेले, शुभ असतात. ते तसेच कपाळ घेऊन मोटेलात गेले. दुसऱ्या दिवशी एक लाल दाणा खिशातून काढून मला दाखवला, म्हणाले, उशीवर सापडला, टाकवेना.

हे लक्षात ठेवा. मी विसरू शकलेलो नाही.

आता दसरा. ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, तुम्हालाही सांगतो.

आमचे सगळे सण रविवारी येत. पंचांगात काही का असेना. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाड्या धुऊन ओळीनं उभ्या करायच्या, भूल देणारे डॉक्टर जोशीकाका सोवळ्याऐवजी लोकरी टोपी घालून पूजा सांगायचे, आणि आपट्याऐवजी मेपलची पिवळी पानं वाटायची. खरं सोनं त्या पानांपुढे फिकं पडलं असतं, इतकी ती पिवळी असत. त्या रविवारी माझी मैल चालवायची शेवटची फेरी होती. सोमवारी गाडी तयारीला लागणार, गुरुवारी तपासणी. नेमून दिलेल्या रस्त्यावरून मी तळ्याच्या कडेनं चाललो होतो, आणि मनात आलं... आपलं घर इथून किती? पाच मैल. माझी स्वतःची गाडी म्हणजे तळाला भोक पडलेली जुनी स्टेशन वॅगन. पाऊस आला की शैला पाय वर घेऊन बसायची. वर्षानुवर्षं मी त्या ओळीत शेवटचा उभा राहायचो. आज?

वळवली.

ती पार्किंगमध्ये शिरली तेव्हा अख्खी ओळ वळून बघू लागली. जोशीकाकांची मुलगी ओरडली, "बाबा, इट्स अ स्पेसशिप!" मी दार उघडून, हातावर जोर देऊन, गुडघा मारून घेऊन बाहेर आलो. रुबाबात यायचं ठरवलं होतं.

"सबनीस, कुणाची उचललीस?" काका म्हणाले.

"काका, हिची आधी करा. मला परत न्यायचीय."

काका पळी-पंचपात्र घेऊन पुढच्या बाजूला गेले. मी म्हटलं, काका, इंजिन मागे आहे. काका थबकले. "मागे? मग पुढे काय आहे?" "डिकी." त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली, की पूजा मशीनची करायची की तोंडाची. सुलभाकाकू म्हणाल्या, "अहो, माणसाचं डोकं पुढे असतं आणि अक्कल मागून येते, तसंच असेल. दोन्हीकडे कुंकू लावा आणि मोकळे व्हा."

लावलं. नारळ अमेरिकन होता, शेंडी नसलेला, तो कितीही आपटला तरी फुटेना. शेवटी फुटला तेव्हा पाणी माझ्या बुटात गेलं. पलीकडच्या इमारतीतल्या गोऱ्या आजी खिडकीतून विचारत होत्या की तुम्ही बरे आहात ना. चाकाखाली लिंबू ठेवून त्यावरून गाडी पुढे घेतली. आणि मग मी परत निघण्याआधी गाडी पुसायला बसलो. कुंकू पुसलं, हळद पुसली, नारळाचं पाणी पुसलं, आणि टायरच्या खाचेतून लिंबाची बी टाचणीनं उकरून काढली! टाचणी शैलाच्या साडीची. त्या दिवसाच्या नोंदीत पाच अधिक पाच मैल कुठे बसवायचे म्हणून रस्त्यावरचा एक वळसा गाळला आणि आकडा जुळवला. जर्मन गाडीला लिंबू चिरडायला लावून मी कुणाला पत्ता लागू दिला नाही — इथे लोक टाळ्या देतात. इथे मी थांबतो.

पण मध्ये एक गोष्ट झाली होती. ती मी गाळतो.

पूजेच्या वेळी मी मागचं काचेचं झाकण उघडलं होतं. तेवढ्यानं माझं भागलं नाही. मला त्या सगळ्यांना — माझ्या पोटातल्या त्या वॅगनवाल्याला, खरं तर — दाखवायचं होतं की मला यातलं कळतं. म्हणून मी हवेच्या गाळणीचं कव्हरही, आतल्या गाळणीसकट, काढलं. चार स्क्रू. तपासणी होईपर्यंत ते उघडायचं नाही असा नियम होता, आणि तो मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण तो दिवसाच्या नोंदीत छापलेलाच असे. "ही बघा," मी म्हटलं, "ही पट्टी अशी सरकते. जगात कुठे नाही." आणि लेहनरांची पाच वर्षं मी माझी असल्यासारखी सांगू लागलो. त्याच वेळी काकांनी मंत्राचा शेवट गाठला आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

मला दिसलं. आठ-दहा दाणे कडेला पडलेले दिसले. मी ते वेचले. मग उशीर होतोय म्हणून उरल्यासुरल्यासाठी फुंकर मारली.

फुंकर! इतकी वर्षं मी त्या एका फुंकरीचा विचार करतोय. एखादा दाणा त्या फुंकरीनंच आत गेला असेल का? की आधीच गेला होता? काय फरक पडतो? मी गाळणी आणि कव्हर लावलं, चार स्क्रू पिळले, संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन छापील ओळीखाली सही केली: गाडी नेमलेल्या रस्त्याबाहेर नेली नाही, काहीही उघडलं नाही.

गुरुवारी तपासणी. गाडी आदल्या दिवसापासून थंड उभी; ढकलतच रोलरवर घ्यायची. समोर कागदाच्या पट्टीवर एक रेघ सरकते, ड्रायव्हरनं वेग त्या रेघेवर राखायचा. चढली की दाबायचं, उतरली की सोडायचं. मी त्यात तरबेज होतो. काचेपलीकडे निरीक्षक, कारखान्याच्या मालकाचा मुलगा मुद्दाम जर्मनीहून आलेला, आणि लेहनर, कोटाची सगळी बटणं लावून.

पहिला चढ छान. पहिला उतार... मी पाय काढला. इंजिन उतरलं नाही. म्हणजे उतरलं, पण पुरतं नाही. कुणीतरी दार ओढून घेतलंय पण बोट मध्ये आहे, तसं. माझ्या पायाला ते कळलं. खरं सांगू? त्याच क्षणी माझ्या नाकाला कुंकवाचा वास आला. वास येणं शक्यच नव्हतं. पण आला.

गाडी नापास झाली. थोडक्यात नव्हे, चांगलीच.

आता नियम असा होता. गाडी नापास झाली की ती तिथल्या तिथे उघडून कारण शोधायचं. बाहेरून काही आत गेलेलं सापडलं, तर ती तपासणी रद्द आणि दुसऱ्या दिवशी नवी. काही सापडलं नाही, तर दोष रचनेचा. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, नवी झडप, नवे हजारो मैल, म्हणजे पुढचं वर्ष. मालकाचा मुलगा तिथेच म्हणाला, पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं असेल तर बाजारातली झडप घालूनच थांबू. लेहनरांनी नाही म्हणून मान हलवली. आधी उघडून बघू, म्हणाले.

आणि त्यांनी मला हाक मारली. त्यांची बोटं जाड होती. "तुमची बोटं बारीक आहेत, हेर सबनीस. तुम्ही काढा. एकेक पट्टी. सावकाश."

निरीक्षक टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला, दिवा माझ्या डोक्यावर. पहिली पट्टी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरी अर्धा केस सरकली आणि अडली. मी नखानं खाच उचकटली.

होता. अख्खा. तुटलेलाही नाही. तेलानं काळा पडला होता, पण एका टोकाला अजून लाल.

तुम्ही म्हणाल, तेव्हा काय आलं मनात? माझा ग्रीन कार्डचा अर्ज लॅबमार्फत गेलेला होता. खोटी सही उघडी पडली असती तर नोकरीबरोबर तोही गेला असता. हे सगळं खरं आहे, आणि पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण त्या क्षणी मला ग्रीन कार्ड आठवलं नव्हतं. मला आठवला तो लेहनरांच्या खिशातला दुसरा लाल दाणा. खाचेतला हा दाणा दुसऱ्या कुणाला कचरा वाटला असता. त्यांनी तो ओळखला असता. दाणा ओळखला असता आणि मग माझ्याकडे बघितलं असतं. आयुष्यभर मी लोकांना स्वतःवर हसवलं, पण कुठे हसायचं ते मी ठरवायचो. त्या बघण्यावर माझा काही ताबा चालला नसता.

बोटाला तेल होतं. दाणा आपसूक चिकटला. मी हात कोटाच्या खिशात घातला, फडकं काढलं, आणि बोट पुसलं.

"काही?" लेहनरांनी विचारलं.

"नथिंग," मी म्हटलं.

"तिसऱ्यात?"

"नथिंग."

उरलेल्या तीनही पट्ट्या मी काढल्या. त्याही नीट तपासून. हे नाटक मी का केलं? चांगलं करत होतो म्हणून, बहुतेक. लेहनरांनी सहा पट्ट्या पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडल्या, तिसरी उचलून दिव्यापुढे धरली, खाचेतून पुन्हा पुन्हा सरकवली. सरकत होती. लोण्यासारखी सरकत होती. जी गोष्ट बिघडलेली नाही तिच्यात बिघाड शोधणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? संध्याकाळपर्यंत ते उभे होते. शेवटी त्यांनी निरीक्षकांच्या फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: थंडीत खाच आकसून पट्टी अडते, खाच चुकीची, दोष रचनेचा. सही केली. त्यांची सही माझ्या सहीपेक्षा खूप सुबक होती.

पुढच्या आठवड्यात ते गेले. शैलानं प्रवासासाठी दशम्या दिल्या. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो, माझ्याच वॅगनमधून. त्यांनी तळाच्या भोकातून खाली पळणारा रस्ता पाहिला आणि पहिल्यांदाच त्या आठवड्यात हसले. म्हणाले, ही गाडी प्रामाणिक आहे.

गाडी दुसऱ्या वर्षी आली, बाजारातली झडप घालून. पास झाली. मीच चालवली. पण तिच्यातलं ते मोकळं श्वास घेणं गेलं होतं. लाकडी दांडा कानाला लावला तर सगळे सिलिंडर एकसारखे, शहाण्यासारखे बोलत होते. विकत घेणाऱ्यांनाही ते कळलं असावं. जेमतेम तीसेक बनल्या आणि कारखाना पुन्हा दुधाच्या यंत्रांकडे वळला. लेहनरांना त्यांनी आधीच घरी बसवलं होतं. हे मला त्यांच्या नाताळच्या कार्डावरून कळलं. कार्डं येत राहिली. बागेतल्या सफरचंदांबद्दल, गुडघ्यांबद्दल. एका कार्डावर शेवटी दोन ओळी होत्या. ते कार्ड मी पेटीच्या तळाशी ठेवलं आहे आणि त्या ओळी इथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांच्या शब्दांत मला सांगवत नाही. लिहिलं होतं, मी अजून कधीकधी विचार करतो की आत काहीतरी असेल का. मग आठवतं, तुम्ही पाहिलं होतंत, आणि तुमची नजर चांगली आहे, मग मी शांत झोपतो.

मी त्या कार्डाला उत्तर पाठवलं. बर्फाबद्दल लिहिलं. शेजाऱ्याच्या गाडीची गंमत लिहिली.

नंतर कार्डं थांबली.

गेल्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. हिरवळीवर एक चंदेरी उभी होती, त्या तिसांतली. शैला म्हणाली, "अहो, ही तर आपली दसऱ्याची!" आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन तरुण मराठी जोडप्यांना म्हणाली, "यांना सांगायला सांगा, फार मजा येते." गाडीपुढे मालकानं एक फलक लावला होता, अभ्यास करून लिहिलेला. पहिल्या प्रयोगात सरकती झडप होती, पण ती अडकत असल्यानं सोडून द्यावी लागली, असं त्यात होतं. मी तो वाचला. मालक तिथेच खुर्चीवर बसला होता, टोपी डोळ्यांवर ओढून.

मी जोडप्यांकडे वळलो आणि दसऱ्याची सांगितली. काका, डिकी, शेंडी नसलेला नारळ, टाचणी, लिंबाची बी. खूप हसले.

झडप अडकत नव्हती. खाच बरोबर होती. तिसऱ्या पट्टीत अक्षतेचा एक दाणा होता, तो माझ्यामुळे पडला होता, आणि दिव्याखाली तो माझ्या फडक्यात असताना हेर लेहनरांनी मला दोनदा विचारलं आणि मी दोनदा नथिंग म्हणालो.